भातशेतीखाली तिवर, समुद्राखाली खैर

पेण स्टेशनात रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, तर बाहेर जरा लक्ष देऊन पाहा. डाव्या हाताला सह्याद्रीचे फाटे सोबत करतात. त्यांच्यावर साग, ऐन, खैर, पळस अशी झाडे दिसतात. उजव्या हाताला सपाट खारेपाट, भाताची खाचरे, बांध आणि त्यांच्या पलीकडे खाडीच्या कडेने तिवरांची हिरवी रेघ. कासू मागे पडते, नागोठण्याला अंबा नदी ओलांडली जाते आणि पुढे रोह्याला कुंडलिका भेटते. हे सारे इतके ओळखीचे आहे, की ते पूर्वीपासून असेच असणार, असे आपण धरून चालतो. पण ते तसे नव्हते. मग कसे होते आणि ते कळायचे तरी कसे? आज याविषयीच बोलायचे आहे.

सुरुवात एका लाकडाच्या ओंडक्यापासून करतो. माझे आजोळ पेणच्या पश्चिमेला खारेपाटात. तिकडे गोड्या पाण्याचे हाल फार, म्हणून उन्हाळ्यात गावतळे खोल करायचे काम निघे. मी दहा-बारा वर्षांचा असताना अशाच एका खोदाईत, पुरुषभर खोलीवर, काळ्याशार चिकणमातीत एक बुंधा लागला. कोळशासारखा काळा, पण हाताला ओला आणि मऊ. चारी बाजूंना भातशेती, मग हे झाड आले कुठून? कुणी म्हणाले, पुरात वाहून आले असेल. कामावर एक म्हातारे कातकरी बाबा होते. त्यांनी कोयत्याने बुंध्याचे टोक तासले, पाण्याने धुतले आणि निरखून पाहत म्हणाले, "तिवर हाय ह्यो. कडी बघ ना त्याची, पोरा." तासलेल्या भागावर एकात एक अशा फिकट कड्या दिसत होत्या. खाली मुळेही मातीत रुतलेली होती. म्हणजे झाड वाहून आलेले नव्हते, तिथेच वाढलेले होते.

पुढे कॉलेजात लाकडाची अंतर्रचना शिकताना मला या कड्यांचा अर्थ कळला. बहुतेक झाडांच्या खोडात अन्नरस वाहणाऱ्या पेशी सालीच्या आतल्या बाजूला असतात. तिवरात मात्र त्या लाकडातही थराथराने अडकत जातात आणि म्हणून आडव्या कापात कड्या दिसतात. ही वर्षाची वलये नव्हेत. त्या मोजून तिवराचे वय काढता येत नाही. पण तिवर ओळखायला ती चांगली खूण आहे. कातकरी बाबांनी शास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते, तरी त्यांचे निदान शास्त्राच्या कसोटीला उतरणारे होते.

आता या एका ओळखीतून काय निघते ते पाहा. तिवर वाढते ते भरती-ओहोटीच्या चिखलात. त्याअर्थी जिथे आज भात पिकतो, तिथे एके काळी भरतीचे पाणी खेळत होते. मग माणसांनी बांध घातले, खारे पाणी अडवले, पावसाने जमीन धुऊन निघाली आणि खाजणाचे खाचर झाले. कोणत्याही कागदावर ही हकिगत लिहिलेली नव्हती. ती त्या बुंध्यात होती. तो बुंधा पुढे वाळवून कुणीतरी चुलीत घातला, हे मात्र आजही मनाला लागते.

याच्या बरोबर उलटी गोष्ट मुंबईत घडली. आपली धरमतरची खाडी ज्या मुंबई बंदरात उघडते, त्याच बंदरात १८७५ नंतर प्रिन्सेस डॉक ही गोदी बांधायला घेतली. खोदाईत चिखलाच्या थराखाली, ओहोटीच्या पाण्याच्याही खालच्या पातळीवर, झाडांचे जंगलच लागले. कित्येक खोडे मुळांसह उभी होती. १८७८ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या नियतकालिकात त्याची नोंद छापली गेली. पुढे अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदतानाही असेच बुंधे मिळाले. आणि ती झाडे कोणती? खैराची.

खैर हे कोरड्या डोंगरउताराचे झाड. खाऱ्या चिखलात ते जगत नाही. ज्या कातकऱ्यांचे नावच खैराच्या कातावरून पडले, त्यांना हे सांगावे लागत नाही. तेव्हा समुद्राखाली उभा खैर मिळाला, याचा अर्थ एकच. तिथे एके काळी कोरडी जमीन होती आणि नंतर ती पाण्याखाली गेली. जमीन खचली, की समुद्र चढला, की दोन्ही झाले, यावर अभ्यासकांनी पुष्कळ चर्चा केली. पण मूळ घटना नाकारता येत नाही, कारण खैराची साक्ष आहे.

भातशेतीखाली तिवर म्हणजे समुद्र मागे हटला किंवा हटवला गेला. समुद्राखाली खैर म्हणजे समुद्र पुढे आला. पुरावनस्पतिशास्त्र, म्हणजे जुन्या, गाडल्या गेलेल्या आणि दगड झालेल्या वनस्पतींचा अभ्यास, या साध्या तर्कावर उभे आहे. झाड ओळखा, ते आज कुठे आणि कशा हवेत जगते ते पाहा आणि त्यावरून गतकाळाची हवा, पाणी, जमीन ठरवा.

पण दर ठिकाणी बुंधा थोडाच मिळतो? तिथे मदतीला येतात परागकण. फुलातली ही पिवळी धूळ आपल्याला क्षुल्लक वाटते. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतले साधारण वीस ते पन्नास भाग एवढाच एका कणाचा आकार. पण त्याचे बाहेरचे कवच निसर्गातल्या सर्वांत चिवट पदार्थांपैकी एकाचे बनलेले असते. हवा न लागणाऱ्या चिखलात ते हजारो, लाखो वर्षे टिकते. शिवाय प्रत्येक वनस्पतिगटाच्या परागकणाची घडण वेगळी. कुणावर काटे, कुणावर जाळी, कुणाला तीन छिद्रे, तर गवताच्या कणाला एकच गोल छिद्र.

अभ्यासक खाडीच्या किंवा तळ्याच्या तळात पोकळ नळी खोलवर दाबतात. वर येतो तो चिखलाचा उभा स्तंभ, खाली जुने आणि वर नवे. त्याचे ठरावीक अंतरावर तुकडे करून प्रयोगशाळेत तीव्र आम्लांनी माती, वाळू, चुना विरघळवून टाकतात. परागकण तेवढे मागे राहतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली दर थरातले शेकडो कण ओळखून मोजायचे. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनावरून थराचे वय काढता येते, सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंत. १९१६ मध्ये स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी अशा मोजणीचे आलेख पहिल्यांदा विद्वानांपुढे मांडले, तेव्हापासून ही पद्धत जगभर चालू आहे.

थरात कांदळ, तिवर, चिप्पी यांचे पराग भरपूर असले, तर तिथे किंवा अगदी जवळ भरतीचे पाणी होते. ते कमी होऊन गवताचे वाढले, तर जमीन उघडी पडली किंवा शेती आली. सदाहरित जंगलाच्या झाडांचे पराग वाढले, तर पाऊस चांगला. आपल्या दक्षिणेला, कारवारच्या किनाऱ्यापुढच्या समुद्रतळातून काढलेल्या अशा स्तंभांवरचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. नद्यांनी सह्याद्रीतून वाहून आणलेले पराग त्यात साठले होते. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून तिथली हवा तुलनेने कोरडी होत गेली, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

यात फसगतही होऊ शकते. वाऱ्यावर पराग उधळणारे झाड थरात मोठ्या संख्येने दिसते आणि कीटकांवर अवलंबून असलेले आंब्यासारखे झाड दारात असूनही जवळजवळ दिसत नाही. भाताचा पराग इतर गवतांच्या परागापासून वेगळा ओळखणे कठीण. तिथे दुसरी खूण उपयोगी पडते. भाताचे पान हाताला कापते, ते त्यातल्या गारेच्या बारीक कणांमुळे. पान कुजले तरी हे कण मातीत राहतात आणि त्यांच्या आकारावरून भात ओळखता येतो. काही झाडे तर तारीखच सांगतात. किनाऱ्यावरचा सुरू घ्या. तो बाहेरून आलेला. कारवारच्या बाजूला त्याची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या थरात सुरूचे पराग विपुल दिसले, तर तो थर त्यापेक्षा जुना नसणार.

इथवर आपण काही हजार वर्षांचे बोललो. आता गाडीच्या डाव्या खिडकीकडे वळू. पेण-रोह्याचे डोंगर काळ्या कातळाचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि थरावर थर बसले. त्या वेळी भारत आशियाला चिकटलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास, तो मोठ्या बेटासारखा सरकत होता. खुद्द लाव्हात झाडांचे अवशेष मिळणे अवघड, त्या उष्णतेत सगळे जळून जाते. पण दोन उद्रेकांमध्ये हजारो वर्षांची उसंत असे. कातळ झिजून माती होई, तळी साचत, रान उगवे. मग पुन्हा लाव्हा येऊन सारे झाकून टाकी. घाटातल्या रस्त्याच्या कापात दोन काळ्या थरांमध्ये गेरूसारखा लाल पट्टा दिसतो, ती बऱ्याचदा अशीच भाजलेली जुनी माती असते.

या उसंतीच्या काळातली तळी काही ठिकाणी फार छान टिकली. पाण्यात विरघळलेली गार झाडांच्या पेशीपेशीत शिरली आणि झाडाचा दगड झाला. नागपूरपलीकडे छिंदवाडा जिल्ह्यातले मोहगाव कलान आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातले नवरगाव ही अशी नामांकित ठिकाणे. मुंबईतही वरळीच्या टेकडीत अशा थरात एकोणिसाव्या शतकात इवल्या बेडकांचे आणि वनस्पतींचे अवशेष मिळाले होते. रोह्याच्या कातळात असे तळे हाती लागो न लागो, ही सारी एकाच लाव्हाच्या प्रदेशातली, एकाच कहाणीची पाने आहेत.

ती पाने वाचायला आपल्याला शिकवले प्रा. बिरबल साहनी यांनी. गारेच्या दगडाचा प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप घ्यायचा आणि त्यात पेशी पाहायच्या, हे काम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने केले. १९३४ मध्ये त्यांनी छिंदवाडा भागातल्या दगडातून अझोलाचे वर्णन केले. हो, तोच अझोला, जो आज आपले शेतकरी भाताच्या खाचरात खत म्हणून सोडतात. तो संथ गोड्या पाण्यावर तरंगतो, म्हणजे ते तळे गोडे होते. मोहगाव कलानला पामची खोडे मिळाली. माडाला शेंड्याचा एकच कोंब असतो, तो कडक हिवाने मेला की झाड संपले. म्हणून जिथे अनेक प्रकारचे पाम, तिथे गोठवणारी थंडी नव्हती, असे म्हणता येते. आणि तिथेच मिळाले निपा या पामचे फळ. निपा आज आपल्या देशात सुंदरबनात आणि अंदमान-निकोबारात, खाडीच्या चिखलात वाढतो. मग मध्य भारतात तो कसा? समुद्राचा एखादा फाटा तिथवर आत आला असावा, असा तर्क साहनींच्या काळापासून मांडला गेला. तो फाटा किती मोठा, कोणत्या बाजूने आला, हा वाद नंतरही चालू राहिला. पण प्रश्न उभा केला तो एका फळाने.

साहनींनी अभ्यासलेले आणखी एक फळ आपल्याला जवळचे वाटेल. त्याचे नाव एनिग्मोकार्पन, म्हणजे कोड्यात टाकणारे फळ. साहनींनी ते कोडे सोडवले आणि त्याला मेंदीच्या कुळात बसवले. याच कुळात आपले ताम्हण येते, महाराष्ट्राचे राज्यफूल. आजच्या वर्गीकरणाप्रमाणे खाडीतली चिप्पीही याच कुळातली. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. म्हणजे धरमतरच्या काठावर उभी असलेली चिप्पी आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते फळ एकाच घराण्यातले.

साहनींनी लखनौला या शास्त्राची स्वतंत्र संस्था काढली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्या कोनशिलेत जीवाश्मच जडवलेले आहेत. अवघ्या आठवड्याभरात, १० एप्रिलला, साहनी गेले. संस्था मात्र उभी राहिली. ती आज बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही कोकणातल्या अशा थरांवर काम झाले. मालवणच्या लिग्नाइटमध्ये, म्हणजे कच्च्या कोळशात, खारफुटीचे अवशेष ओळखून समुद्र एके काळी आजच्यापेक्षा वर होता, हे तिथल्या अभ्यासकांनी २००४ मध्ये मांडले.

आता कुणी विचारील, या सगळ्याचा पेण-रोह्याच्या माणसाला उपयोग काय? उपयोग आहे आणि तो आजच्या जगण्याशी निगडित आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे सव्वाशे मीटर खाली होता आणि आपला किनारा दूर पश्चिमेला होता. मग समुद्र चढत आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ पोचला. आता तो पुन्हा चढतो आहे, या वेळी आपण हवेत सोडलेल्या वायूंमुळे. खारेपाटात बांधाला खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते. ती वेळीच बुजवली नाही, तर चार-पाच वर्षांत तिथे तिवरे उभी राहतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम ठेवली. हे संरक्षण हवेच, कारण लाटांचा जोर पहिल्यांदा तीच झेलते. पण ज्याची खाचरे गेली, त्या शेतकऱ्याचे दुःखही खरे आहे. कुठला बांध टिकवायचा आणि कुठे खाडीला वाट द्यायची, हे ठरवताना इथे समुद्र पूर्वी कुठवर आला होता आणि किती वेगाने आला, हे ठाऊक असायला नको का? ती माहिती याच चिखलात आहे. भराव टाकून, उपसून, आपण ती वाचण्याआधीच पुसत चाललो आहोत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जुने झाड ओळखायचे, ते आजच्या झाडाशी ताडून. तिवराची कडी माहीत होती म्हणून तो बुंधा तिवराचा ठरला. आजचा अझोला माहीत होता म्हणून दगडातला अझोला वाचता आला. जिवंत झाडे ही या शास्त्राची मुळाक्षरे आहेत. डोंगरातले एखादे झाड नाहीसे होते, किंवा ते ओळखणारी एखादी पिढी ओळख पुढे न देता जाते, तेव्हा एक अक्षर हरवते. मग चिखलात किंवा दगडात ते अक्षर समोर आले तरी वाचणारा कुणी नसतो.

म्हणून दोन विनंत्या करतो. विहीर, तळे, पाया खणताना खोलवर काळे लाकूड, पानांचा थर किंवा शिंपल्यांची माती लागली, तर लगेच फेकू नका. किती खोलीवर मिळाले ते लिहून ठेवा. तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण वाळला की तो तडकतो. आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या किंवा भूशास्त्राच्या शिक्षकांना कळवा. दुसरी विनंती मुलांसाठी. सुटीत त्यांना एखाद्या कातकरी आजोबांबरोबर किंवा कोळी आजीबरोबर रानात, खाडीवर पाठवा. दहा झाडांची नावे, पाने, फळे, लाकूड ओळखायला शिकू द्या.

माझ्या आजोळचा तो बुंधा चुलीत गेला. त्याचे वय किती होते, हे आता कधीच कळणार नाही. तो तिवराचा होता, एवढे मात्र मी आज तुम्हाला खात्रीने सांगू शकतो, कारण त्या दिवशी तळ्यावर तिवर ओळखणारा एक माणूस हजर होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)